अमेरिकेत एक निवडणूक होतच नाही, ५१ होतात

दर चार वर्षांनी नोव्हेंबर आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, २०१६ ला तर रात्रभर फिरत होता. हिलरी क्लिंटनला जवळजवळ २९ लाख मतं जास्त पडली, मग ट्रम्प जिंकला कसा? कुणीतरी लगेच "सेटिंग आहे" लिहून मोकळं होतं, आणि मग न्यू जर्सीत एडिसनला राहणारी माझी मावसबहीण, तिला आम्ही सगळेच ताई म्हणतो, ती एक लांबलचक व्हॉइस नोट टाकते. त्यात दरवेळी हेच असतं की न्यू जर्सीत मत देणं म्हणजे दर्या में खसखस, इथे १९९२ पासून डेमोक्रॅटच जिंकतात, आमच्या दारात प्रचाराला कुत्रं फिरकत नाही, आणि नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात तिची मैत्रीण राहते तिला मात्र दिवसाला दहा फोन आणि पोस्टाच्या डब्यात चकचकीत पत्रकांचा गठ्ठा.

मी पण बरीच वर्षं ताईच्याच बाजूचा होतो. ज्याला जास्त मतं तो जिंकला, यात समजावण्यासारखं काय आहे? पण जरा खोलात वाचायला लागलो आणि मत बदलत गेलं, सगळं नाही पण बऱ्यापैकी. आता मला वाटतं की ही इलेक्टोरल कॉलेज नावाची भानगड दिसते तेवढी खुळचट नाहीये, तिच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, आणि ते आपल्याकडे मराठीत फारसं कुणी सांगत नाही म्हणून हा प्रपंच.

आधी ती चालते कशी ते बघू. त्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही, आपली जिल्हा मध्यवर्ती बँक पुरेल. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत गावातला सभासद शेतकरी थेट मत देत नाही. गावची विकास सोसायटी ठराव करते की आमच्यातर्फे अमुक माणूस मत देणार, तो झाला ठरावधारक, आणि तालुक्यातल्या सोसायट्यांचे ठरावधारक मिळून तालुक्याचा संचालक निवडतात. आमचे काका एकदा असे ठरावधारक होते. निवडणुकीच्या आधी पॅनेलवाल्यांनी सगळ्यांना गाडीत घालून सहलीला नेलं होतं आणि मतदानाच्या दिवशीच परत आणून सोडलं, त्या आठ दिवसांचे किस्से काका अजून सांगतात. तर अमेरिकेत पण मतदार मत देतो ते कागदावर दिसताना ट्रम्पला किंवा २०२४ ची डेमोक्रॅट उमेदवार हॅरिस हिला असतं, पण खरं तर तो आपल्या राज्याचे ठरावधारक निवडत असतो. त्यांना इलेक्टर म्हणतात.

एकूण इलेक्टर ५३८. हा आकडा आला कुठून तर त्यांच्या लोकसभेसारख्या हाऊसमध्ये ४३५ जागा, त्या लोकसंख्येप्रमाणे राज्यांना वाटलेल्या, आणि सिनेटमध्ये १००, म्हणजे प्रत्येक राज्याला सरसकट दोन, मग राज्य कॅलिफोर्निया असो की वायोमिंग. राज्याच्या या दोन्ही जागांची बेरीज म्हणजे त्या राज्याचे इलेक्टर. राजधानी वॉशिंग्टन हे राज्य नाही, पण १९६१ च्या घटनादुरुस्तीने तिला तीन मिळाले. झाले ५३८, आणि जिंकायला २७०. कॅलिफोर्नियाला ५४, टेक्सासला ४०, ताईच्या न्यू जर्सीला १४, आणि वायोमिंगला, जिथे सहा लाखाच्या आतच माणसं राहतात, तीन.

आता यातली मेख. ४८ राज्यांत ज्याला एक मत जरी जास्त पडलं त्याला त्या राज्याचे सगळेच्या सगळे इलेक्टर. फक्त मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं जरा वेगळं वाटप करतात, तिथे दोन इलेक्टर राज्यभराच्या निकालावर आणि बाकीचे मतदारसंघवार. हे "जिंकेल तो सगळं घेऊन जाईल" वालं प्रकरण राज्यघटनेत कुठेही लिहिलेलं नाही बरं का, घटना फक्त एवढंच म्हणते की इलेक्टर कसे नेमायचे ते राज्याच्या विधिमंडळाने ठरवावं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डिसेंबरमध्ये मग प्रत्येक राज्याचे इलेक्टर आपापल्या राजधानीत जमतात. न्यू जर्सीचे चौदा जण ट्रेंटनला जमतात, मतं देतात, प्रमाणपत्राच्या सहा प्रती असतात त्यावर सह्या करतात, आणि तो कार्यक्रम संपतो. एका जागी सगळे ५३८ कधीच भेटत नाहीत, नावात कॉलेज असलं तरी. मग ६ जानेवारीला लाकडी पेट्यांमधून ही प्रमाणपत्रं काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, येतात आणि मोजली जातात. सहल वगैरे काही नसते, कारण हे लोक त्या त्या पक्षाचे जुने कार्यकर्ते असतात. तरी कधी कधी फुटतात, २०१६ ला सात जण फुटले होते, पण २०२० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की राज्य त्यांना शब्द पाळायला लावू शकतं.

बरं, आता मुख्य प्रश्नाकडे. जास्त मतं पडून हरणं हे अन्यायच नाही का?

मला यावर सगळ्यात सोपं उत्तर विम्बल्डनचं वाटतं. २०१९ ची फायनल, फेडरर विरुद्ध जोकोविच. फेडररने एकूण २१८ पॉइंट जिंकले, जोकोविचने २०४. गेमही फेडररचेच जास्त. कप कुणी उचलला? जोकोविचने, कारण त्याने तीन सेट जिंकले आणि सामना सेटवर ठरतो. फेडररचे फॅन रडले, मी पण रडलो, पण चोरी झाली असं कुणी म्हणालं नाही, कारण खेळाचे नियम दोघांनाही आधीपासून माहीत होते. नियम पॉइंटचे असते तर दोघांनीही खेळ वेगळा केला असता. तसंच २०१६ ला ट्रम्पने कॅलिफोर्नियात प्रचारच केला नाही कारण उपयोग नव्हता, आणि तिथल्या कितीतरी रिपब्लिकन लोकांनी उगाच रांगेत कशाला उभं राहा म्हणून मत दिलंही नसेल. टेक्सासमधल्या डेमोक्रॅटचं पण तेच. त्यामुळे ते जे २९ लाखांचं लीड आहे ते एका न झालेल्या सामन्याचा स्कोअर आहे.

आणि आपण हसायचं कारण नाही, आपल्याकडे हे दर निवडणुकीत होतं, फक्त आपण त्याला नाव देत नाही. २०१८ ला मध्य प्रदेशात भाजपला ४१.०२ टक्के मतं होती आणि काँग्रेसला ४०.८९, पण जागा काँग्रेसच्या ११४ आणि भाजपच्या १०९, आणि मुख्यमंत्री झाले कमलनाथ. त्याच वर्षी कर्नाटकात उलटं झालं, मतं काँग्रेसला जास्त आणि सगळ्यात मोठा पक्ष भाजप. मतदारसंघ जिंकायचे असतात, बेरीज नाही, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. अमेरिकेत मतदारसंघाच्या जागी राज्य आहे एवढंच.

आपल्या राष्ट्रपतींची निवडणूक तर अजूनच जवळची आहे. २०२२ ला द्रौपदी मुर्मू निवडून आल्या तेव्हा महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताची किंमत १७५ होती, उत्तर प्रदेशच्या आमदाराची २०८, गोव्याच्या २०, सिक्कीमच्या ७. हिशोब असा की राज्याची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, भागिले हजार. आपली ५ कोटी ४ लाख भागिले २८८ भागिले १०००, झाले १७५. तुम्ही म्हणाल महाराष्ट्र एवढासा कुठे आहे, तर ही लोकसंख्या १९७१ ची आहे, मुद्दाम गोठवलेली, का तर ज्या राज्यांनी कुटुंब नियोजन नीट केलं त्यांचं वजन कमी होऊ नये म्हणून. दक्षिणेतली राज्यं लोकसभेच्या जागांच्या फेरवाटपावरून आज जी ओरड करतायत तीही याच कारणाने. सांगायचा मुद्दा, फक्त डोकी मोजली की न्याय होतो हे आपण पण कधी पूर्ण मान्य केलेलं नाहीये. संघराज्य म्हटलं की राज्य नावाच्या वस्तूला पण काहीतरी वजन द्यावं लागतं.

आता मला जो मुद्दा सगळ्यात भारी वाटतो तो सांगतो, आणि तो तत्त्वज्ञानाचा नाहीच, अगदी कारकुनी मुद्दा आहे.

आपल्याकडे निवडणूक आयोग आहे. निर्वाचन सदनातून तारीख सुटते, गडचिरोलीपासून ग्रेटर नोएडापर्यंत तेच ईव्हीएम, तीच शाई, तोच नियम. अमेरिकेत असं काही नाहीये. खरंच नाहीये. तिथे फेडरल इलेक्शन कमिशन म्हणून आहे पण ते फक्त पैशाचा हिशोब बघतं. मतदान घेतात राज्यं, आणि प्रत्यक्षात तर काउंटी, म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारखी युनिट्स, अशी तीन हजारांच्या वर आहेत. ओरेगॉनमध्ये सगळ्यांना मतपत्रिका पोस्टाने घरी येते. जॉर्जियात फोटो ओळखपत्र लागतं. नॉर्थ डाकोटात मतदार यादीत नाव नोंदवायची भानगडच नाही. मेन आणि व्हर्माँटमध्ये तुरुंगातला कैदी पण मत देऊ शकतो. मेनमध्ये परत पसंतीक्रमाची मतपत्रिका आहे, एक-दोन-तीन असे नंबर द्यायचे. म्हणजे एक देश, पण ५१ वेगवेगळ्या निवडणुका, ५० राज्यांच्या आणि एक राजधानीची, आणि नियम पण ५१ प्रकारचे. आपण टीव्हीवर बघतो तो देशभराच्या मतांचा आकडा ही नुसती बेरीज आहे, त्याला कायद्यात काही किंमत नाही. आणि पसंतीक्रमवालं मत साध्या मतात मिळवायचं कसं, पहिली पसंती धरायची का शेवटची, याचं पण सरळ उत्तर नाही.

आता २००० साल आठवा. रिपब्लिकन बुश विरुद्ध डेमोक्रॅट गोर. गोर देशभरात साधारण ५ लाख ४० हजार मतांनी पुढे, पण सगळं अडकलं फ्लोरिडात, तिथे बुश शेवटी ५३७ मतांनी पुढे राहिला. पाचशे सदतीस! एवढ्या मतांनी आपल्याकडे सरपंच पडतो. मतपत्रिका अशा होत्या की सुईने भोक पाडायचं, आणि काहींची भोकं अर्धवट पडलेली, कागदाचा तुकडा एका कोपऱ्याला लोंबकळतोय, आणि अधिकारी चष्मा कपाळावर सरकवून ते कार्ड उजेडात धरून बघतायत की याला मत म्हणायचं का नाही. तो फोटो जगभर छापून आला होता. छत्तीस दिवस चाललं हे, सुप्रीम कोर्टात गेलं, आणि मग गोरने हार मानली.

हे उदाहरण लोक इलेक्टोरल कॉलेजच्या विरोधात देतात. मी म्हणतो जरा उलट विचार करा. भांडण एका राज्यात होतं म्हणून छत्तीस दिवसांत मिटलं. दहा कोटींच्या वर मतदान आणि फरक अर्धा टक्का, अशी थेट निवडणूक असती तर ती अर्धवट भोकं फक्त फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत नाही, प्रत्येक राज्यातल्या प्रत्येक काउंटीत शोधायला लागली असती, कारण कुठलंही मत कुठेही वाढवता आलं तर ते बेरजेत धरलं जाणार. १९६० ला केनेडी आणि निक्सनमध्ये देशभरात सव्वा लाखाचा पण फरक नव्हता. १८८० ला गारफील्ड तर दहा हजारांपेक्षाही कमी मतांनी पुढे होता आणि तरी वाद झाला नाही, कारण इलेक्टर २१४ विरुद्ध १५५ असे सरळ होते. जहाजाच्या तळात जसे वेगवेगळे कप्पे असतात, एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे कोरडे राहतात, तसं हे आहे. एखाद्या राज्यात गडबड झाली, किंवा कुणी केली, तरी तिचं नुकसान त्या राज्याच्या आकड्यापुरतं राहतं. ज्या राज्यात एकाच पक्षाची पूर्ण पकड आहे तिथे तर गडबड करणं सगळ्यात सोपं, पण फायदा शून्य, कारण ते राज्य तसंही तुमच्याच खिशात आहे. थेट निवडणुकीत तिथलं प्रत्येक खोटं मत सोन्याचं झालं असतं.

याचीच दुसरी बाजू मला ताईमुळे कळली, तिला न कळत. २०१२ च्या ऑक्टोबरच्या शेवटी सँडी वादळ न्यू जर्सीवर आदळलं आणि आठवड्याभराने, ६ नोव्हेंबरला, अध्यक्षपदाचं मतदान होतं. ताईकडे आठ दिवस लाईट नव्हती, ती पोरांना घेऊन मैत्रिणीकडे जाऊन राहिली होती, फ्रीजमधलं सगळं नारळाचं वाटण फेकावं लागलं याचं दुःख अजून आहे. किनाऱ्याकडे तर लोकांची घरंच गेली होती. सरकारने विस्थापितांना ईमेलवर मत द्यायची सोय केली तरी सगळ्यांना कुठलं जमतंय. पण त्या दिवशी कितीही कमी लोक मतदानाला आले तरी न्यू जर्सीचे इलेक्टर १४ चे १४ च होते. कमी मतदान झालं म्हणून राज्याचं वजन घटलं नाही. थेट बेरीज असती तर वादळाने न्यू जर्सीचा आवाजच कमी केला असता आणि ऊन पडलेल्या राज्यांचा वाढवला असता.

अजून एक गोष्ट, ही पटकन सांगतो. या पद्धतीमुळे उमेदवाराला जिंकायला पसरावं लागतं. एका भागात ९० टक्के मिळवून काही होत नाही, तिथे ५१ टक्के आणि ९० टक्के सारखेच. २०१६ ला क्लिंटनचं एकट्या कॅलिफोर्नियातलं लीड ४२ लाखांच्या वर होतं, म्हणजे देशभराच्या लीडपेक्षा जास्त, आणि ते सगळं लीड तिला ५५ इलेक्टर सोडून काही देऊ शकलं नाही. कॅलिफोर्नियातली माणसं माणसं नाहीत का असं कुणी विचारेल, आणि तो प्रश्न रास्त आहे. पण सिस्टीम त्या पक्षाला सांगत होती की बाबा आपल्याच घरात अजून लाडका होऊ नकोस, मिशिगन आणि विस्कॉन्सिनमधल्या कारखान्याच्या गावांत जा. क्लिंटन विस्कॉन्सिनला पक्षाची उमेदवारी मिळाल्यावर एकदाही गेली नाही आणि ते राज्य २३ हजारांहून कमी मतांनी हातचं गेलं. चार वर्षांनी बायडेनने ती चूक केली नाही.

त्रिकोणी-चौकोनी लढतीत पण याचा उपयोग होतो. १८६० ला लिंकनला चार उमेदवारांत जेमतेम ४० टक्के मतं होती पण इलेक्टर ३०३ पैकी १८०, स्पष्ट बहुमत. १९९२ ला बिल क्लिंटन ४३ टक्क्यांवर आणि इलेक्टर ३७०. थेट निवडणूक ठेवली तर मग दुसरी फेरी लागते, आणि दुसरी फेरी आहे म्हटलं की पहिल्या फेरीत सगळेच उभे राहतात. फ्रान्समध्ये २००२ ला १६ जण उभे होते, डाव्यांची मतं इतकी फुटली की त्यांचा पंतप्रधान जोस्पँ पहिल्याच फेरीत बाद, आणि अंतिम सामना शिराक विरुद्ध कट्टर उजवा ल पेन. वीस टक्के पण कुणालाच नव्हते. आपल्याकडे एका वॉर्डात सोळा उमेदवार म्हणजे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आता एवढी बाजू घेतली म्हणजे सगळं चांगलं आहे असं नाही, आणि या पद्धतीचे काही समर्थक जे सांगतात ते निम्मं खोटं असतं. "आमच्या थोर पूर्वजांनी दूरदृष्टीने" वगैरे. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना लिहायला बसलेल्या लोकांना अध्यक्ष कसा निवडायचा हे महिनोन्महिने सुटलं नव्हतं. काँग्रेसने निवडावा म्हटलं तर तो काँग्रेसचा मिंधा होणार. जेम्स विल्सनसारखे एकदोघे म्हणत होते लोकांनी निवडावा, पण दक्षिणेच्या राज्यांना ते परवडणारं नव्हतं कारण त्यांच्याकडची प्रचंड लोकसंख्या गुलाम होती आणि गुलामाला मत नाही. घटना लिहिण्यात पुढे असलेल्या मॅडिसनने स्वतः भर सभेत ही अडचण बोलून दाखवली होती. हाऊसच्या जागा वाटताना मात्र एक गुलाम म्हणजे तीन पंचमांश माणूस धरायचा असं आधीच ठरलं होतं, आणि इलेक्टर त्या जागांवर बेतले की दक्षिणेचं काम झालं. व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हेनियाची स्वतंत्र माणसांची संख्या जवळपास सारखी, पण १७९२ ला व्हर्जिनियाला २१ मतं आणि पेनसिल्व्हेनियाला १५. पहिल्या छत्तीस वर्षांपैकी बत्तीस वर्षं अध्यक्ष व्हर्जिनियाचाच होता. हे काळं पान आहे आणि ते झाकून ठेवून या पद्धतीचं समर्थन करणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही. मला एवढंच म्हणायचंय की जन्म कशातून झाला आणि आज ती काय काम करते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गंमत म्हणजे १९७९ ला थेट निवडणुकीचा प्रस्ताव सिनेटमध्ये आला, तेव्हा त्याच्या विरोधात बोलणाऱ्यांत नॅशनल अर्बन लीगचे व्हर्नन जॉर्डन पण होते, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा मोठा माणूस. त्यांचं म्हणणं साधारण असं की मोठ्या आणि अटीतटीच्या राज्यांत आमचा समाज निकाल फिरवू शकतो म्हणून दोन्ही पक्ष आमच्याकडे बघतात, देशभराच्या बेरजेत आम्ही विरघळून जाऊ. त्या प्रस्तावाच्या बाजूने ५१ आणि विरोधात ४८ मतं होती, तरी तो पडला, कारण घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश लागतात.

दुसरा गैरसमज, वायोमिंगमुळे सगळं बिघडतं. हो, वायोमिंगच्या माणसाचं वजन कॅलिफोर्नियाच्या माणसाच्या पावणेचार पट पडतं, कागदावर हे फार वाईट दिसतं. पण मी बसून हिशोब केला. प्रत्येक राज्याचे सिनेटवाले दोन-दोन इलेक्टर काढून टाकले तर २०१६ ला ट्रम्प २४६, क्लिंटन १९०, म्हणजे ट्रम्पच. २००० ला मात्र गोर २२५ आणि बुश २११ होतात, तिथे त्या दोन-दोन मतांनी खरंच निकाल फिरवला, हे कबूल करायला हवं. छोटी राज्यं तशी दोन्हीकडे आहेत, व्हर्माँट, डेलावेअर, हवाई एका बाजूला आणि वायोमिंग, अलास्का, इडाहो दुसऱ्या. खरी गोची आहे ती "जिंकेल तो सगळं घेईल" ची, आणि ती मी वर म्हटलं तशी घटनेतली नाही, राज्यांनी आपापल्या सोयीने लावून घेतलेली आहे. व्हर्जिनियाने १८०० साली आपल्याच राज्याचा उमेदवार जेफरसन याला सगळीच्या सगळी मतं मिळावी म्हणून मतदारसंघवार पद्धत मोडीत काढली आणि मग हळूहळू सगळ्यांनीच, मी एकट्याने का भोळा राहू म्हणून.

त्यातूनच स्विंग स्टेटचा, म्हणजे कधी इकडे कधी तिकडे झुकणाऱ्या अटीतटीच्या राज्यांचा, रोग आला. २०२४ ला सात राज्यं, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना, नेवाडा, आणि बाकी देश प्रेक्षक. याचं मी समर्थन करत नाही. फक्त हे सात कायमचे नाहीत, म्हणजे २००० ला सगळं ज्याच्यावर अडलं तो फ्लोरिडा आता अटीतटीचा राहिलेला नाही, ओहायो पण नाही, आणि कॅलिफोर्निया १९६८ पासून १९८८ पर्यंत सलग रिपब्लिकनला जात होता, हे आज सांगितलं तर पोरं विश्वास ठेवत नाहीत.

आणि ही पद्धत एकाच पक्षाला धार्जिणी आहे असं जे म्हणतात त्यांनी २००४ बघावं. बुश देशभरात ३० लाखांनी पुढे होता, पण ओहायोत फरक फक्त १ लाख १८ हजार. तिथली साठ हजार माणसं इकडची तिकडे झाली असती तर त्याच्याविरुद्धचा डेमोक्रॅट केरी कमी मतं मिळवून अध्यक्ष झाला असता आणि आज हे सगळे युक्तिवाद उलट्या तोंडांतून ऐकू आले असते.

सगळ्यात वाईट भाग कुठला विचाराल तर २६९-२६९ ची बरोबरी. मग हाऊस निवडतं, आणि तिथे एका राज्याला एक मत, कॅलिफोर्नियाला एक आणि वायोमिंगला एक. हे मात्र बदलायलाच हवं, यावर माझ्याकडे बचाव नाही.

गेल्या वेळी, म्हणजे २०२४ च्या निकालानंतर, ताईशी फोनवर याच विषयावर तासभर वाद झाला. तिच्याकडे सकाळ, आमच्याकडे रात्र. ती म्हणाली, अरे पण आता उपाय निघालाय, घटना बदलायची गरजच नाही, राज्यांनी आपापसात करार केलाय की आपल्या राज्यात कुणीही जिंको, देशभरात ज्याला जास्त मतं त्यालाच आपण इलेक्टर द्यायचे, आणि अशा राज्यांचे २७० झाले की करार चालू. आमच्या न्यू जर्सीने तर २००८ लाच सही केलीय, आणि दोनशेच्या वर गाडी गेलीय.

मी म्हटलं, ताई, बरोबर आहे, आता फक्त एक हिशोब कर. यावेळी देशभरात जास्त मतं कुणाला?

"ट्रम्पला."

आणि न्यू जर्सीत कोण जिंकलं?

"हॅरिस. सहा टक्क्यांनी."

मग करार लागू असता तर ट्रेंटनला बसून त्या चौदा जणांनी कुणाला मत दिलं असतं?

पलीकडून नुसता भांड्यांचा आवाज. मग ती म्हणाली, "थांब रे, कुकरची तिसरी शिट्टी झाली, नंतर करते." अजून फोन आलेला नाही.